जुन्या ट्रॅक्टरला सोन्याचा भाव कशामुळे?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९७९ सालचा, मोजकेच तास चाललेला एक जॉन डिअर ४६४० ट्रॅक्टर २०१९ च्या सुमारास लिलावात ६१ हजार डॉलरला गेला. चाळीस वर्षांचा ट्रॅक्टर! आपल्याकडे एवढ्या वयाचा ट्रॅक्टर गोठ्यामागे गंजत पडतो, नाहीतर भंगारवाला वजनावर नेतो. मग तिथला शेतकरी वेडा म्हणायचा का? मुळीच नाही. त्याचा हिशेब पक्का आहे.

एक तर त्याच ताकदीच्या नव्या ट्रॅक्टरला याच्या दुपटीहून जास्त पैसे मोजावे लागतात. दुसरे कारण दुरुस्तीचे. १९७८ ते १९८२ या काळात बनलेल्या ४४४० सारख्या मॉडेलचे इंजिन पान्यांनी खोलता येते. नव्या ट्रॅक्टरात संगणक व सेन्सर आले. धुराच्या कडक नियमांमुळे एक्झॉस्टची यंत्रणाही वाढली. एखादा सेन्सर बिघडला की इंजिनाची ताकद आपोआप कमी होते आणि कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत काम अडते. ऐन काढणीत दोन दिवस गेले तर नुकसान कोण भरून देणार?

तेथील शेतकऱ्यांनी यावर आवाज उठवला. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीवर याच प्रश्नावरून दावा दाखल केला.

हा प्रश्न आता आपल्याही बांधापर्यंत आला आहे. आपल्या देशात ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराचे नियम लागू झाले. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कामात शेतीयंत्रेही होती. नवा ट्रॅक्टर घेताना रंग आणि हप्ता बघून भागणार नाही. दुरुस्तीचा माणूस किती लांबून येणार, हे आधी विचारा.

पण म्हणून दिसेल तो जुना ट्रॅक्टर उचलू नका. अमेरिकेत भाव मिळतो तो वयाला नव्हे, तर कमी तास, चांगली निगा आणि सहज मिळणारे सुटे भाग यांना. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. अशा बंद पडलेल्या मॉडेलचे पार्ट आपल्या तालुक्यात मिळतात का, याची आधी चौकशी हवी.

लिलावात माल ‘आहे तसा’ मिळतो, मागून तक्रार चालत नाही. तेव्हा बोली लावण्यापूर्वी एवढे कराच :

१. इंजिन व चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा.
२. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा उतरल्याचा दाखला मागा.
३. इंजिन थंड असताना चालू करायला लावा. गरम झाल्यावर धूर आणि ऑईल पाहा.
४. लिफ्ट, पीटीओ व ब्रेक वजनावर तपासा. उसाची भरलेली ट्रॉली उतारावर ब्रेकच्याच भरवशावर असते.
५. तासांच्या मीटरवर विसंबू नका, ते बदललेले असू शकते. सोबत गावचा जाणकार मिस्त्री न्या.

आणि टायर, इंजिनकाम धरून शेवटचा आकडा घरूनच ठरवून जा. चढाओढीत त्यापुढे गेलेला रुपया पुढच्या उसाच्या बिलातूनच जाणार आहे.