फ्रँचायझी क्रिकेट : लिलाव, हक्क आणि गावाकडची वाट

फ्रँचायझी म्हणजे ठरलेल्या शहराच्या नावाने संघ चालवण्याचा विकत घेतलेला हक्क. स्पर्धा नियामक मंडळाची, संघ मालकाचा आणि खेळाडू कराराने बांधलेला, या त्रिकोणावर इंडियन प्रीमियर लीग उभी आहे.

24 जानेवारी 2008 रोजी मुंबईत आठ संघांचे हक्क विकले गेले. एकूण किंमत 72 कोटी डॉलरहून अधिक होती. मुंबईचा संघ सर्वांत महाग, 11 कोटी 19 लाख डॉलरचा. राजस्थानचा सर्वांत स्वस्त, 6 कोटी 70 लाखांचा. 2021 मध्ये लखनौच्या नव्या संघासाठी 7,090 कोटी रुपये मोजले गेले. ही वाढ प्रामुख्याने प्रसारण हक्कांमुळे झाली. 2023 ते 2027 या पाच हंगामांचे हक्क जून 2022 मध्ये 48,390 कोटींना गेले. मंडळाला मिळणाऱ्या या रकमेतून संघांना वाटा मिळतो; त्यात प्रायोजक आणि तिकीटविक्रीची भर पडते. म्हणून मैदान रिकामे राहिले तरी संघाचा मुख्य आधार तुटत नाही.

संघांमध्ये समतोल राहावा यासाठी खर्चाला मर्यादा असते. 2025 च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला 120 कोटी रुपयांची मर्यादा होती. संघात 18 ते 25 खेळाडू, त्यांत परदेशी जास्तीत जास्त आठ. अंतिम अकरांत चार. खेळाडू मूळ किंमत ठरवून लिलावात उतरतो आणि चढ्या बोलीचा संघ त्याला घेतो. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाह येथे ऋषभ पंतवर 27 कोटींची विक्रमी बोली लागली. 2025 पासून करारापलीकडे प्रत्येक सामन्यामागे साडेसात लाख रुपये मानधनही सुरू झाले. तरण्या, नवख्या खेळाडूसाठी ही रक्कम मोलाची आहे.

लिलावापर्यंतची वाट मात्र राज्य संघटनेतून जाते. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या मुलासाठी ही संघटना म्हणजे नागपूरची विदर्भ क्रिकेट असोसिएशन. वयोगटांच्या स्पर्धा, मग विदर्भाचा संघ, पुढे सय्यद मुश्ताक अली ट्वेंटी-20 स्पर्धा. तिथे लीग संघांचे निवडकर्ते लक्ष ठेवून असतात. त्या स्पर्धेतील फटकेबाजीमुळे विदर्भाच्या शुभम दुबेची मूळ किंमत 20 लाख असताना डिसेंबर 2023 मध्ये राजस्थानने त्याला 5 कोटी 80 लाखांना घेतले. अमरावतीच्या जितेश शर्मासाठी बंगळूरूने 11 कोटी मोजले आणि 3 जून 2025 रोजी तो विजेत्या संघात होता. 2025 मध्ये विदर्भ प्रो टी-20 लीगही सुरू झाली, म्हणजे पायरी आणखी जवळ आली.

लीगचा पैसा वरून येतो, पण खेळाडू खालून येतो. गावातली खेळपट्टी, जिल्ह्याचे प्रशिक्षण आणि निवडीची निकोप रीत यांवर खर्च झाला, तरच ही व्यवस्था टिकेल. कोट्यवधींच्या बोलीची खरी पायाभरणी तिथेच होते.