यंत्रयुगातील परकायाप्रवेश

परकायाप्रवेश ही कल्पना आपणांस नवी नाही. शंकराचार्यांनी मृत अमरुक राजाच्या देहात प्रवेश केला, ही आख्यायिका पुष्कळांनी घरच्या वडील माणसांच्या तोंडून ऐकली असेल. तेथे योगबल हे साधन होते. पाश्चात्य विज्ञानकथांत त्याची जागा यंत्राने व शस्त्रक्रियेने घेतली आहे. विद्यार्थ्यांस अशा कथांची मोठी आवड असते. उलटपक्षी काही पालकांस त्यांचे वाचन म्हणजे निव्वळ कालापव्यय वाटतो. आमचे मत असे आहे की, चांगली विज्ञानकथा विचारपूर्वक वाचली असता ती एक गहन प्रश्न सुगम करून पुढे ठेवते. तो प्रश्न हा : मनुष्याचा देह बदलला, तर तो मनुष्य तोच राहतो काय?

येथे दोन कथांच्या आधारे त्याचा विचार करू. दोन्ही कथा अमेरिकेतील असून 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या मासिकाच्या १९४४ सालच्या नोव्हेंबर व डिसेंबर अशा लागोपाठच्या अंकांत प्रसिद्ध झाल्या.

पहिली कथा क्लिफर्ड सिमाक यांची 'डिझर्शन' ही होय. गुरुग्रहावरील दाब व वादळे मानवी देहास सोसवणे अशक्य. म्हणून तेथील ठाण्याचा अधिकारी फाउलर हा आपल्या माणसांस यंत्राच्या साह्याने त्या ग्रहावरील एका प्राण्याचे रूप देऊन पाहणीस धाडतो. गेलेला एकही परत येत नाही. आणखी माणसे मृत्यूच्या तोंडी देण्यास त्याचे मन धजेना, तेव्हा तो स्वतःच निघतो. सोबतीस त्याचा म्हातारा कुत्रा टाउझर. बाहेर पाऊल पडताच, आतून काळासारखे भासणारे वादळ त्यास सुखद वाटू लागते. कुत्र्याचे ताठरलेले पाय मोकळे होतात आणि त्याचे विचार धन्यास शब्दांवाचून कळू लागतात. आधी गेलेले का परतले नाहीत याचाही उलगडा होतो : त्यांस परतण्याची इच्छाच उरली नव्हती. गुरुग्रहास पृथ्वीसारखा टणक पृष्ठभाग नाही हे आज आपण जाणतो. तथापि त्यामुळे कथेच्या मर्मास बाध येत नाही.

दुसरी कथा सी. एल. मूर या लेखिकेची, 'नो वूमन बॉर्न' नावाची. डिअर्ड्रा ही लोकप्रिय नर्तकी नाट्यगृहाच्या आगीत होरपळते. मॉल्ट्झर नावाचा शास्त्रज्ञ तिचा मेंदू वाचवून तो सोनेरी धातूच्या देहात बसवितो. त्या देहास नाक नाही, डोळे नाहीत. तरीही तिचा जुना स्नेही आवाजाच्या ढबीवरून व हालचालींच्या लकबीवरून तिला ओळखतो. ती पुनश्च रंगभूमीवर येते. लोक तिची अवहेलना करतील व ती खचून जाईल, अशी शास्त्रज्ञास धास्ती वाटते. वस्तुतः तिचे सामर्थ्य मनुष्याहून अधिक झालेले असते, आणि तिचे स्वतःचे भय निराळेच असते : या सामर्थ्यामुळे आपण माणसांपासून दूर तर जाणार नाही ना? कथा संपते तेव्हा तिच्या आवाजात धातूची किंचित झाक उमटलेली असते.

इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक याने १६९४ साली असे मांडले की, राजपुत्राची स्मृती मोच्याच्या देहात गेली, तर ती व्यक्ती राजपुत्रच समजावी. आमच्या दोन्ही कथा याच्या पुढे जातात. त्यांत स्मृती कायम राहते. परंतु देहाबरोबर आवडनिवड, भय आणि सोबती हे सारे पालटते. देह हा केवळ मनाचा अंगरखा असता तर असे झाले नसते.

शास्त्राचा कौलही काहीसा असाच आहे. सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीच्या ३०२ चेतापेशींच्या जोडणीचा नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला. फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १,३९,००० पेशींचा नकाशा २०२४ साली पुरा झाला. मनुष्याच्या मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी असतात. नकाशा हाती असूनही त्या लहानशा कृमीचे सर्व वर्तन संगणकावर हुबेहूब उतरविणे अद्याप साधलेले नाही. शिवाय मेंदू एकटा नांदत नाही. त्वचा, हृदय, आतडी यांचे निरोप त्यास अहोरात्र पोचत असतात. अपघातात पाय गमावलेल्या मनुष्यास नसलेल्या पायाची वेदना जाणवते, यावरून देहाचे चित्र मनात किती खोल रुजलेले असते हे ध्यानी येईल. यास्तव मन उचलून दुसऱ्या देहात ठेवणे ही गोष्ट आज तरी कथेतच शक्य आहे.

मग या कथांचा उपयोग काय? आजाराने, अपघाताने किंवा वार्धक्याने ज्याचा देह पालटला आहे असा एखादा मनुष्य बहुतेक घरांत असतो. मुले त्याच्याजवळ बसण्यास बुजतात, आणि मोठी माणसेही त्याच्याविषयी त्याच्यादेखत परक्यासारखे बोलतात. त्याचे मन थोडेफार पालटले असेलही. पण डिअर्ड्राच्या स्नेह्याने जशी तिची लकब ओळखली, तशी ती ओळखणारा कोणी जवळ असेल, तर तो मनुष्य एकटा पडत नाही. फाउलरला आपल्या कुत्र्याचे मन कळावयास दुसरा देह घ्यावा लागला. आम्हां-तुम्हांस तो उपाय नाही. दुसऱ्याच्या जागी स्वतःस कल्पून पाहणे एवढाच परकायाप्रवेश आपल्या हाती आहे. त्याचा अभ्यास अशा कथांच्या वाचनाने होतो, म्हणून पालकांनी मुलांच्या हातून ही पुस्तके काढून घेऊ नयेत. उलट एकदा ती त्यांच्यासमवेत वाचून पाहावीत.