विमानं वाढली, तपासणारी माणसं कुठं आहेत?

मैत्रिणींनो, उजळाईवाडीचा विमानतळ आता आपल्याला परका राहिलेला नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली तो सुरू झाला आणि मार्च २०२४ मध्ये त्याला नवी टर्मिनल इमारत मिळाली. पूर्वी विमानाचा आवाज आला की आपण गच्चीवर धावायचो. आता त्याच विमानानं लेकीकडे, सुनेकडे जातो.

विमानात पट्टा बांधताना आपण गृहीत धरतो, की हे सगळं कुणीतरी तपासलेलं आहे. ते ‘कुणीतरी’ म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए. वैमानिकांचे परवाने, विमानांची देखभाल, वैमानिकांची विश्रांती या सगळ्यावर नजर ठेवणारं हे सरकारी खातं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदीय समितीनं सांगितलं, की तिथल्या १,०६३ मंजूर पदांपैकी फक्त ५५३ भरलेली आहेत. जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या!

असं का व्हावं? भरती लोकसेवा आयोगामार्फत होते, तिला वेळ लागतो. शिवाय अनुभवी माणसाला विमान कंपन्या जास्त पगार देतात. मग उरलेल्यांवर कामाचा डोंगर. अंगणवाडीची एक जागा रिकामी राहिली, की शेजारच्या ताईंवर दोन्हीकडचा भार पडतो आणि कामात कसर राहते, हे आपण पाहतोच. इथं तर प्रश्न जिवाचा आहे. टॉवरमधून विमानांना वाट दाखवणारे हवाई वाहतूक नियंत्रकही कमी पडतात, ते थकतात, याचीही काळजी समितीनं बोलून दाखवली.

दुखणं जुनंच आहे. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेनं आपल्या विमान सुरक्षेचं मानांकन खाली आणलं. प्रशिक्षित तपासनीस कमी, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. मग धावपळ झाली, पदं मंजूर झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये मानांकन परत मिळालं. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. पण दरवेळी नाक दाबल्यावरच तोंड का उघडायचं?

आणि हो, या रिकाम्या जागांकडे आपल्या मुलींनीही बघायला हवं. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी झालेल्या मुलीलाही हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परीक्षेला बसता येतं. घरात अशी लेक असेल, तर स्थळांच्या याद्या थोड्या बाजूला ठेवा आणि विमानतळ प्राधिकरणाच्या भरतीची जाहिरात कधी येते, त्यावर लक्ष ठेवा.