सावलीवरून विमान ओळखताना

डोंबिवलीच्या शेजारी नेवाळीला ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात धावपट्टी बांधली. त्या काळच्या विमानाचा काळपट, धूसर फोटो हाती आला, की नाव ठोकून देण्याची घाई होते. बाह्यरेखेवरून विमान ओळखता येतं. फक्त नेमकं काय पाहायचं ते माहीत हवं.

गैरसमज : एकावर एक दोन पंख असलेलं विमान अधिक जुनं.
वस्तुस्थिती : जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, त्या पस मॉथ विमानाला एकच पंख होता, तोही केबिनच्या माथ्यावर. ही जात पहिल्यांदा उडाली १९२९मध्ये. दुहेरी पंखांचं टायगर मॉथ त्यानंतर, १९३१मध्ये आलं.

गैरसमज : १९८२मध्ये ते उड्डाण पुन्हा करताना जेआरडींनी तेच विमान वापरलं.
वस्तुस्थिती : वयाच्या ७८व्या वर्षी ते आले लेपर्ड मॉथमधून. बाजूने दोन्ही सख्खी भावंडं वाटतात. खालून पाहिलं की फरक कळतो. पस मॉथचे पंख मुळापासून टोकापर्यंत जवळजवळ सारखे रुंद, तर लेपर्ड मॉथचे टोकाकडे निमुळते.

गैरसमज : इंजिनं मोजली की काम झालं.
वस्तुस्थिती : डाकोटा आणि बीच १८, दोघांनाही दोन इंजिनं आणि खाली बसवलेले पंख. पण डाकोटाच्या शेपटाला उभं पातं एक, बीचला दोन. लिबरेटर आणि लँकेस्टर यांना इंजिनं चार आणि उभी पातीही दोन-दोन. तिथे पंखांचा जोड पाहावा. लिबरेटरचे लांब, अरुंद पंख धडाच्या वरच्या भागात, लँकेस्टरचे मध्यावर. लिबरेटर आपल्या हवाई दलातही १९६८पर्यंत होती.

गैरसमज : स्पष्ट बाह्यरेखा एक मिळाली तरी पुरे.
वस्तुस्थिती : बाजूने काढलेल्या फोटोत पंखांचा आकार दिसत नाही, खालून काढलेल्या फोटोत पंख किती उंचीवर आहेत ते कळत नाही. शेजारी माणूस किंवा हँगर नसेल, तर विमान लहान की मोठं हेही सांगता येत नाही. म्हणूनच महायुद्धातल्या ओळखतक्त्यांवर प्रत्येक विमान समोरून, बाजूने आणि खालून असं तीनदा काढलेलं असे.

पंख, इंजिन, धड, शेपूट या क्रमाने पाहत जावं. पुरावा जिथे थांबेल तिथे आपणही थांबावं. नुसत्या बाजूच्या सावलीवरून ‘मॉथ घराण्यातलं, डोक्यावर पंख असलेलं’ एवढंच म्हणता आलं, तरी ते ठोकून दिलेल्या नावापेक्षा बरं.