कुमाऊंच्या वनपंचायती

हिमालयाच्या कुशींतील कुमाऊं प्रांतांत शेत, गोठा व रान हीं तिन्ही एकाच दाव्यानें बांधलेलीं आहेत. बांज नांवाचा तेथील ओक वृक्ष सदाहरित. हिंवाळ्यांत गवत सरलें म्हणजे त्याचा पाला गुरांच्या मुखीं पडतो. गळालेलीं पानें गोठ्यांत अंथरतात. तीं शेणामुताबरोबर कुजून डोंगरउतारावरील शेतांत खत म्हणून जातात. रान गेलें कीं गोठा जातो, आणि गोठ्यामागून शेत.

म्हणूनच इ. स. १९११ ते १९१७ च्या दरम्यान सरकारनें हीं रानें राखीव ठरवून पालातोडीवर व चराईवर निर्बंध घातले, तेव्हां लोक खवळले. १९२१ च्या जानेवारींत बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेंत त्यांनीं वेठबिगारीच्या नोंदवह्या शरयू नदींत बुडविल्या. त्याच उन्हाळ्यांत रानोरान वणवे पेटले. सरकारला चौकशीसमिति नेमावी लागली, आणि १९३१ सालीं वनपंचायतींचे नियम निघाले. गांवानें पंच निवडावे व आपलें रान आपणच राखावें, असा त्यांचा आशय.

ही राखण पाहण्याजोगी आहे. पावसाळ्यांत गवताचें रान बंद असतें. पुढें कापणीचे दिवस पंच मुक्रर करितात. एका घरांतून किती जणांनीं विळा घेऊन यावें, हेंही पुष्कळ गांवीं ठरलेलें असतें. चोरून कापणाऱ्याचा विळा व दोर जप्त होतो, वर दंड. राखणदाराचा पगार अनेक ठिकाणीं घरोघरच्या वर्गणींतून निघतो.

माणसांचाही वांटा आहेच. उन्हाळ्यांत काफल नांवाचीं आंबटगोड फळें पिकतात. आपल्या आजीबाईच्या बटव्यांतील कायफळ म्हणजे याच झाडाची साल! बुरांसाच्या तांबड्या फुलांचें सरबत होतें, आणि लिंगुडा या नेच्याच्या कोंवळ्या कोंबांची भाजी.

चीडवृक्षाची गोष्ट निराळी. राळ व लांकूड यांच्या लोभानें सरकारनें तो वाढविला. पण त्याच्या सुयांना गुरें तोंड लावीत नाहींत, आणि वाळल्या म्हणजे त्या क्षणांत पेट घेतात. बांज आटला कीं पाल्याचा भारा आणावयास बाईला आणखी एक डोंगर चढावा लागतो, कड्यावरच्या फांदीला हात घालावा लागतो. पाय घसरून कित्येकींनीं प्राण गमावले आहेत.

असें असूनही पंचांच्या बैठकींत फार काळ पुरुषच बसत आले. कोणती फांदी किती छाटली असतां पुन्हां फुटेल, हें जिच्या हाताला ठाऊक, तिनें कापणीचा दिवस दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा, हें मला तरी विपरीत वाटतें. आतां नियमांनींच स्त्रियांसाठीं जागा राखल्या आहेत, आणि कांहीं गांवीं सरपंचपदही त्यांच्याकडे आलें आहे.