सभासद दहा हजार, मग सर्व्हर केवढा?

माजी विद्यार्थ्यांचा गट असो, साहित्यमंडळ असो की परदेशातलं महाराष्ट्र मंडळ, कधीतरी सगळ्यांना एकच गोष्ट जाणवते: व्हॉट्सअ‍ॅपवर चांगलं लिहिलेलं दोन दिवसांत वाहून जातं, आपली स्वतःची जागा हवी. सभासदांनी लिहावं, इतरांनी उत्तरं द्यावीत, पाच वर्षांपूर्वीचं शोधलं तर सापडावं. डिस्कोर्स, पीएचपीबीबी, ड्रुपल ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पैसे लागतात ते व्हीपीएसला, म्हणजे एका मोठ्या सर्व्हरचे आभासी तुकडे पाडून भाड्याने दिलेल्या त्यातल्या एका तुकड्याला. कंपनीच्या पानावर तक्ता असतो: इतके कोअर, इतकी रॅम, इतकी डिस्क, महिन्याला इतका टेराबाइट डेटा. गटातला जो ‘कॉम्प्युटरमधला’ असतो त्याला विचारलं जातं, आणि तो सुरक्षित उत्तर देतो, मोठा घ्या. चुकीच्या खर्चाची सुरुवात तिथेच होते.

“सभासद दहा हजार आहेत, मोठा सर्व्हर लागणारच”

सभासदांची यादी हा डेटाबेसमधला एक तक्ता असतो. दहा हजार ओळींच्या तक्त्याचं कुठल्याही सर्व्हरला ओझं होत नाही. ओझं होतं ते एकाच क्षणी किती पानं तयार करायची आहेत याचं, आणि तो आकडा काढायला शाळेतलं गणित पुरतं.

समजा दिवसाला ५०,००० पानं उघडली जातात. मंडळाच्या जागेसाठी हा फार मोठा आकडा आहे. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे सरासरी सेकंदाला ०.५८ पान. पण लोक सरासरीने वाचत नाहीत. जेवणं आटोपली की रात्री नऊ ते अकरा गर्दी होते. म्हणून गर्दीचा आकडा सरासरीच्या दसपट धरू, सेकंदाला सुमारे सहा पानं. एक पान बनवायला सर्व्हरला २०० मिलिसेकंद लागतात असं मानलं तर सहा गुणिले ०.२, म्हणजे १.२. ऐन गर्दीतही एका वेळी सरासरी सव्वा पानच बनत असतं. दोन कोअर त्याला पुरतात. हा लिटल यांचा नियम, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. बँकेच्या खिडकीपुढच्या रांगेला तो जसा लागू होतो तसाच सर्व्हरलाही.

मोठं उदाहरण हवं असेल तर स्टॅक ओव्हरफ्लोचं घ्या. त्यांच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये आपली सगळी यंत्रणा उघड मांडली होती. दिवसाला २० कोटींहून जास्त रिक्वेस्ट येत होत्या आणि वेब-सर्व्हर होते अकरा. डेटाबेसच्या सर्व्हरमध्ये मात्र शेकडो गिगाबाइट रॅम होती. पैसे कुठे घालायचे याचं उत्तर त्या दोन आकड्यांत आहे: आधी डेटाबेसच्या रॅममध्ये.

“वाचक कमी, म्हणजे भारही कमी”

वरच्या हिशेबाला सध्याच्या काळात एक मोठी फट आहे. पानं उघडणारी सगळी माणसं नसतात.

गूगल, बिंगचे बॉट पूर्वीही येत, पण ते बेताने. गेल्या दोन-तीन वर्षांत भाषा-मॉडेलांसाठी मजकूर गोळा करणाऱ्या बॉटांची भर पडली, आणि त्यांतले बरेच कसलीच मर्यादा पाळत नाहीत. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं, की त्यांच्याकडे बॉटांनी उघडलेली पानं साधारण ३५ टक्के, पण सर्व्हरला सर्वांत महाग पडणाऱ्या रहदारीत बॉटांचा वाटा ६५ टक्के. या तफावतीचं कारण समजलं तर निम्मं काम होतं. माणसं आजची आणि कालची चर्चा वाचतात. ती पानं कॅशेमध्ये तयार असतात, उचलून दिली की झालं. बॉट २००९ सालच्या चर्चेचं चौदावं पान मागतो. ते कुणीच पाहिलेलं नसतं, त्यामुळे डेटाबेसला डिस्कवरून सगळं खणून काढावं लागतं. सभासद झोपलेले असताना पहाटे सर्व्हर बसला, तर आधी अ‍ॅक्सेस लॉगमध्ये कोण येऊन गेलं ते पाहावं.

‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ फाइलीत मनाई लिहिता येते. १९९४ पासूनचा हा संकेत २०२२ मध्ये रीतसर प्रस्तावित इंटरनेट मानक म्हणून नोंदला गेला. पण तो संकेतच आहे, कुलूप नव्हे. खरा उपाय म्हणजे एकाच पत्त्यावरून येणाऱ्या रिक्वेस्टना मिनिटाची मर्यादा घालणं आणि लॉगिन न केलेल्यांना कॅशेमधलंच पान देणं. दोन्ही एनजिनएक्स या वेब-सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये काही ओळींत होतं. हे न करता दुप्पट सर्व्हर घेणारा माणूस बॉटांचं भाडं भरत असतो.

“चार कोअर म्हणजे दुप्पट वेग”

एक पान सहसा एकाच कोअरवर बनतं. आठ कोअर घेतले तर एका वेळी जास्त पानं बनतील, पण प्रत्येक पानाला लागणारा वेळ तेवढाच राहील. दोन कोअरवर पान दोन सेकंदांत येत असेल आणि प्रोसेसर निवांत असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे: हळू क्वेरी, नसलेला इंडेक्स, नाहीतर एखादं अवजड प्लगइन.

शिवाय तक्त्यातला ‘व्हीसीपीयू’ हा बहुधा अख्खा कोअरही नसतो. तो प्रोसेसरचा एक थ्रेड असतो, आणि स्वस्त प्लॅनमध्ये तो शेजाऱ्यांसोबत वाटून घ्यावा लागतो. चाळीतल्या सामायिक नळासारखं आहे: धार किती येणार हे खालच्या मजल्यावर किती बादल्या लागल्या आहेत त्यावर ठरतं. फरक इतकाच, की इथे शेजाऱ्यांनी ओढून नेलेलं मोजता येतं. लिनक्सवर ‘टॉप’ ही आज्ञा दिली की प्रोसेसरच्या ओळीत शेवटी ‘एसटी’ हा आकडा दिसतो, म्हणजे स्टील. तुमच्या सर्व्हरला काम होतं, पण खालचं खरं यंत्र दुसऱ्याच्या कामात होतं, असा तो वेळ. तो शून्याच्या आसपास हवा. दिवसचे दिवस दहा टक्क्यांच्या वर राहत असेल तर कंपनीला सांगून दुसऱ्या यंत्रावर हलवून घ्यावं किंवा कंपनी बदलावी.

काही प्लॅन ‘बर्स्टेबल’ असतात, आणि ते तक्त्यात ठळकपणे कळत नाही. अ‍ॅमेझॉनचा टी३ मायक्रो दोन व्हीसीपीयू देतो, पण प्रत्येकाचा सततचा हक्क फक्त १० टक्के. निवांत असताना क्रेडिट साठतं, गर्दीत ते खर्चता येतं. संपलं की एकतर वेग पडतो, नाहीतर जादा वापराचं बिल येतं. दिवसभर शांत आणि रात्री दोन तास गजबजलेल्या जागेला हा प्रकार छान जमतो. बॉटांनी चोवीस तास कुरतडलेल्या जागेला तो अजिबात जमत नाही.

“रॅम ९० टक्के भरली, सर्व्हर आता कोसळणार”

रॅम वाढवण्याचे सगळ्यांत जास्त पैसे बहुधा या एका गैरसमजापायी जातात. रिकामी पडलेली रॅम लिनक्स वाया जाऊ देत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेल्या फाइली तो तिथे धरून ठेवतो आणि कुणाला जागा लागली की लगेच सोडतो. ‘फ्री’ या आज्ञेतला ‘फ्री’चा रकाना म्हणूनच भीती घालतो. पाहायचा तो शेवटचा ‘अव्हेलेबल’चा. दोन जीबीपैकी सात-आठशे एमबी तिथे दिसत असतील तर काहीही करू नये.

खरंच रॅम संपते तेव्हा मात्र लक्षण वेगळं असतं. लिनक्स एका प्रक्रियेचा बळी देतो, आणि सर्वांत जास्त रॅम धरून बसलेला डेटाबेसच बहुधा त्यात सापडतो. सभासदांना पान कोरं दिसतं, लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ असं लिहिलेलं सापडतं. याचं नेहमीचं मूळ म्हणजे सेटिंगमधला एक उत्साही आकडा. पीएचपीची एक प्रक्रिया ८० एमबी घेत असेल आणि तुम्ही ५० प्रक्रियांना परवानगी दिली असेल, तर चार जीबी तिथेच गेले, डेटाबेस वेगळा. उलट बाजूचीही चूक होते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्ही मुळात १२८ एमबीचाच स्वतःचा कॅशे घेऊन सुरू होतात. आठ जीबीचा सर्व्हर घेऊन हा आकडा तसाच ठेवणारे बरेच भेटतात. पोस्टग्रेसचे दस्तऐवज एकूण रॅमच्या पावपटीपासून सुरुवात करायला सुचवतात. डिस्कोर्सची मांडणी करणारी स्क्रिप्ट हा हिशेब स्वतःच करते, ही तिची मोठी सोय.

डिस्कोर्स किमान एक जीबी रॅम मागतं, सोबत दोन जीबी स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. माझं मत दोन जीबीचं. रोजच्या वाचनाला एक जीबी पुरेलही, पण नवी आवृत्ती चढवताना सगळं पुन्हा बांधलं जातं आणि नेमका तिथे श्वास कोंडतो. स्वॅप ठेवण्यात कमीपणा नाही. अधूनमधून येणाऱ्या त्या थोड्या वेळासाठीच ती असते.

“देवनागरीला तिप्पट जागा लागते, मोठी डिस्क हवी”

यातला पहिला भाग खरा आहे. युटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना-मात्रेलाही. तरीही हजार शब्दांचा मराठी लेख जेमतेम वीस केबी होतो. फोनवरून जसाच्या तसा चढवलेला चार एमबीचा एक फोटो म्हणजे असे दोनशे लेख. डिस्क खातात ते गणपतीचे आणि सहलीचे फोटो, वाढत जाणारे लॉग आणि त्याच डिस्कवर रोज साठणारे बॅकअप. चढवतानाच फोटोची रुंदी कमी करणारं सेटिंग चालू केलं की २५ जीबीची डिस्क वर्षानुवर्षं चालते. महिन्याच्या एक टीबी डेटाचंही तेच. एक पान फोटोंसकट ५०० केबीचं धरलं तर एक टीबीत वीस लाख पानं जातात.

“सर्व्हर आपला, मग ईमेलही फुकट”

तक्त्यात ज्याचा उल्लेखच नसतो असा हा खर्च. नवा सभासद नोंदणी करतो, पडताळणीची मेल येत नाही, तो पुन्हा फिरकत नाही. डिजिटलओशन, व्हल्टर, अ‍ॅमेझॉन अशा बऱ्याच कंपन्या मेल पाठवण्याचं दार, म्हणजे पोर्ट २५, मुळातच बंद ठेवतात, कारण भाड्याचे सर्व्हर स्पॅमसाठी वापरले जातात. पोर्ट उघडून मिळालं तरी त्या आयपी पत्त्याची पूर्वीच्या भाडेकरूने घालवलेली पत तुमच्या माथी येते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने मेल खरोखर तुमच्याकडूनच आली हे पडताळणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएमचे नियमही कडक केले आहेत. मेल पाठवणारी वेगळी सेवा घ्यावी, सर्व्हरवर मेल-सर्व्हर उभारण्याच्या फंदात पडू नये.

“कंपनी बॅकअप घेतेच की”

१० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक पाचमजली डेटा सेंटर जळून खाक झालं. लाखो संकेतस्थळं बंद पडली, कित्येकांचा डेटा परत आलाच नाही. बॅकअपचे वेगळे पैसे भरलेल्या एका ग्राहकाचा बॅकअपही त्याच इमारतीत होता. २०२३ मध्ये कोर्टाने भरपाई दिली, डेटा कोण देणार? रोजचा बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात जायला हवा, आणि अधूनमधून तो एखाद्या रिकाम्या सर्व्हरवर उतरवून चालतो का ते पाहायला हवं.

“सर्व्हर भारतातच हवा”

वाचक पुणे-नाशिकचे असतील तर हवा. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन-येऊन साधारण २०० मिलिसेकंद लागतात, आणि एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. पण मायबोलीसारखी १९९६ पासूनची संकेतस्थळं पाहिली तर मराठी वाचक पुण्याइतकाच न्यू जर्सीतही आहे. वाचक असे विखुरलेले असतील तर फोटो आणि स्टाइलच्या फाइली सीडीएनवर, म्हणजे जगभर प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावर, टाकाव्यात, सर्व्हर कुठेही असला तरी फारसं बिघडत नाही. भारतात व्हीपीएस घेताना ओळखीचे तपशील मागितले तर बिचकू नये. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना ग्राहकांची पडताळलेली माहिती पाच वर्षं ठेवावी लागते.

उरतो तो ‘पुढे वाढलो तर?’ हा प्रश्न. रॅम आणि कोअर बहुतेक ठिकाणी काही मिनिटांत वाढवता येतात, नंतर कमीही करता येतात. डिस्कचं तसं नाही, ती एकदा वाढवली की पुन्हा लहान होत नाही. म्हणून सुरुवातीला दोन व्हीसीपीयू, दोन जीबी रॅम आणि लहान डिस्क घ्यावी, प्लॅन बदलताना फक्त रॅम आणि कोअर वाढवणारा पर्याय निवडावा, आणि तीन वर्षांचे पैसे एकदम भरण्याची सवलत पहिल्या वर्षी तरी घेऊ नये.