इंजिनाखालची प्लेट : जाड नको, नीट हवी

आपल्या भागात बंडीची जागा मोटारसायकलीने कधी घेतली ते कळलेच नाही. बियाण्याची थैली, खताची बोरी, दुधाची कॅन, दवाखान्यात न्यायचा माणूस, सगळा भार आता तिच्यावर. नागभीड-सिंदेवाहीकडील धानाच्या बांध्यांचा धुरा असो, की एटापल्ली-भामरागडकडील जंगलवाट, गाडी तिथवर जाते. पण ही गाडी कंपनीने मुख्यतः डांबरी रस्त्यासाठी बनविलेली असते, हे आपण विसरतो.

१०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांचे पोट जमिनीपासून १६ ते २० सेंटिमीटर उंच असते. त्यावर दोन माणसे आणि ४५ किलोची युरियाची बोरी बसली की शॉकअप दबतात आणि हे अंतर आणखी घटते. मग नाल्यातला एखादा गोटा किंवा तोडलेल्या झाडाचे खुंट थेट इंजिनाच्या तळाला लागते. हा तळ ओतीव ॲल्युमिनियमचा. तो लोखंडासारखा वाकत नाही, तडकतो. ऑइल काढण्याचा बोल्टही बहुधा तिथेच असतो. इंजिनात ऑइल असते जेमतेम एक लिटरच्या आसपास. तडा गेला की ते वाटेत सांडते, आणि चालवणाऱ्याला कळेपर्यंत इंजिन जाम झालेले असते.

हा केवळ खर्चाचा प्रश्न नव्हे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या भागांत वाघाचा वावर आहे. गडचिरोलीत २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तीही आले. अशा जंगलात दिवस मावळताना गाडी बंद पडली तर काय, हे आपणास वेगळे सांगायला नको. आशाताई, वनरक्षक, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी यांनाही याच वाटेने जावे लागते.

म्हणून इंजिनाखाली पत्र्याची प्लेट लावण्याची पद्धत पडली आहे. दुकानात तिला स्किड प्लेट किंवा बॅश प्लेट म्हणतात. २०१६ च्या रॉयल एनफिल्ड हिमालयन आणि २०१९ च्या हीरो एक्सपल्स या गाड्यांना ती कंपनीकडूनच आली. साध्या गाडीला मात्र आपण बाजारातून आणतो, नाही तर गावच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतो. ‘जाड पत्रा टाक भाऊ, तुटला नाही पाहिजे’ एवढेच आपण सांगतो. घोळ इथेच होतो. चुकीची प्लेट इंजिन वाचवत नाही, उलट मारते.

प्लेटचे दोष आधी ओळखा

गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि खाली वाकून पाहा. प्लेट इंजिनाला टेकलेली आहे का? तसे असेल तर दगडाचा मार प्लेटमधून सरळ इंजिनाला बसतो, मग ती असून नसल्यासारखी. ऑइलच्या बोल्टाखाली भोक आहे का? नसेल तर ऑइल बदलताना दर वेळी प्लेट उतरवावी लागते, आणि मग ‘पुढच्या खेपेला पाहू’ म्हणत ऑइलच बदलले जात नाही. पाणी-चिखल निघायला वाट आहे का? रोवणीच्या दिवसांतला चिखल प्लेट आणि इंजिनाच्या मध्ये भरतो, वाळून विटेसारखा होतो आणि इंजिनाची उष्णता कोंडतो. या गाड्या बहुतेक हवेवर थंड होणाऱ्या. सिलिंडरच्या पाकळ्यांना वारा मिळालाच पाहिजे. म्हणून प्लेटचा पुढचा भाग सिलिंडरसमोर उंच चढवू नये.

उन्हाळ्यात आणखी एक धोका. मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात वाटेवर वाळला पाला असतो. तो प्लेट आणि तापलेल्या सायलेंसरच्या मध्ये अडकला तर धुमसू शकतो. फेब्रुवारी ते जून हे जंगलात वणव्याचे दिवस. तेव्हा या दिवसांत रोज हात घालून पाला काढावा, अर्थात गाडी थंड झाल्यावर.

पत्रा कोणता घ्यावा?

३० बाय २५ सेंटिमीटरचा साधा लोखंडी पत्रा २ मिलिमीटर जाडीचा असेल तर वजन सुमारे १.२ किलो भरते. ३ मिलिमीटरचा घेतला तर पावणेदोन किलोच्या वर जाते. ॲल्युमिनियमचा ४ मिलिमीटरचा पत्रा ८०० ग्रॅमच्या जवळपास. पण तो वेल्डिंग करणे गावात जमत नाही, आणि किंमतही जास्त. आपल्या कामाला २ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा पुरतो, मात्र त्याच्या दोन्ही बाजू सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर मोडून घ्याव्यात. मोडलेल्या काठाने पत्र्याला जी ताकद येते ती नुसत्या जाडीने येत नाही.

एक सूचना अगदी काळजीपूर्वक वाचा. जुन्या ऑइलच्या, पेट्रोलच्या किंवा कीटकनाशकाच्या ड्रमचा पत्रा कापू नका. ड्रम रिकामा दिसला तरी आत वाफ असते. ग्राइंडरच्या ठिणगीने किंवा गॅस कटरने तो फुटतो, आणि माणूस जागीच जातो.

घरच्या घरी दुरुस्ती

हॅन्ड ग्राइंडर, ड्रिल, फाईल आणि वाईस एवढे असले की पुरे. डोळ्यांना चष्मा हवाच. प्लेट उतरवून धुवा. खाली पुठ्ठा धरून ऑइलच्या बोल्टाची जागा आखून घ्या. तिथे सुमारे ३५ मिलिमीटरचे भोक पाडा, म्हणजे पाना आत जाईल. सर्वांत खालच्या जागी, मागच्या बाजूला, बोटभर रुंद दोन-तीन लांबट खाचा पाडा. चिखल आणि पाणी तिथून निघते. सगळे काठ फाईलने घासून गोल करा.

पुढची कड वर वाकलेली असावी, म्हणजे दगडावर प्लेट घसरते, अडत नाही. मागची कडही थोडी वर असू द्या. नाही तर चढावर गाडी मागे सरकली की ती नांगराच्या फाळासारखी जमिनीत रुतते.

प्लेट आणि इंजिनात सव्वा ते दीड सेंटिमीटर पोकळी ठेवा. ही पोकळी म्हणजेच खरी ढाल. पण हेही ध्यानात घ्या की पोकळी आणि पत्रा मिळून गाडीचे पोट तितकेच खाली येते. १६ चे १४ झाले म्हणून समजा. प्लेट लागली म्हणजे दगडावरून गाडी हाणायची मुभा मिळाली, असे नव्हे.

बसवताना आपल्या गाडीची चौकट पाहा. इंजिनाखालून पाइप जात असतील तर त्यांना क्लॅम्पने बांधा, मध्ये जुन्या ट्यूबची रबरी पट्टी घाला, आणि नायलॉक नट वापरा, म्हणजे खडखडाटाने ढिले होणार नाहीत. बोल्टाची डोकी खाली लोंबू देऊ नका. खाली पाइप नसेल आणि इंजिनाच्या बोल्टांवरच प्लेट बसवायची असेल, तर ते काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे. शेवटी रेड ऑक्साइड आणि वर रंग मारा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

चौकटीला भोक नको, वेल्डिंग नको

गाडीवर प्लेट धरून वेल्डिंग कधीही करू नये. वर पेट्रोलची टाकी असते. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर चालतो, वेल्डिंगच्या करंटने ती जळू शकते. वेल्डिंग करायचेच तर प्लेट उतरवून, गाडीपासून दूर करावे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून चौकट कापणे, भोके पाडणे असले काही करू नका. नट-बोल्टने बसणारी आणि तशीच निघणारी प्लेट ठेवा. तरी शंका असल्यास परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. सरकारी कामाच्या गाडीला बदल करण्यापूर्वी वरिष्ठांची परवानगी घ्यावी, हे ओघाने आलेच.

गावच्या कारभाऱ्यांना एक विनंती. एका पावसाळ्यानंतर गावातल्या चार गाड्यांच्या प्लेटा पाहा. ज्या वाटेवर त्या सर्वांत जास्त घासल्या जातात, ती पांदण आधी दुरुस्तीला घ्या. २०२१ मध्ये शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली ती अशाच वाटांसाठी. ग्रामसभेत ठराव मांडताना कोणत्या नाल्यावर, कोणत्या वळणावर गाड्या घासतात हे नेमके लिहून द्या. प्लेट माणसाला घरी पोहोचवील, पण वाट नीट करण्याचे काम ती करणार नाही.